सर्वगोड आवाज काढतात

वाचनालयाचा निरोप आला तेव्हा मीनाताई भाकरी थापत होत्या, म्हणून फोन सर्वगोडांनी बघितला. ‘मॅडम, तुमचं वाचन फार छान. पण मागे सतत सूं असा आवाज येतो. आमची मुलं कानानंच शिकतात, त्यांना तो टोचतो. शाळा सुरू व्हायच्या आत बाराही धडे परत मिळतील का?’

सर्वगोडांनी तो निरोप चष्मा लावून दोनदा वाचला, चष्मा काढून एकदा वाचला, आणि फोन पालथा ठेवला.

निरोप मीनाताईंना होता. त्या शाळेतून निवृत्त झाल्यावर अंध मुलांच्या वाचनालयासाठी आठवीच्या इतिहासाचं पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करत होत्या. त्यांच्या वाचनाबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. पण मायक्रोफोन आणला होता दिपक सर्वगोडांनी. भिंतीत खिळे ठोकून त्याला लोखंडी ब्रॅकेट केला होता त्यांनी. लॅपटॉपवर आवाज भरून घेत होते ते. एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेला माणूस, अर्ध्या सोलापूरच्या फोनमधली खरखर ज्यानं खांबावर चढून काढली, त्याच्याच घरातून बारा धडे भरून सूं निघावा, हे जरा जास्तच झालं.

“अहो, काय म्हणतायत?” मीनाताईंनी आतून विचारलं.

“किरकोळ आहे. आवाज काढायचाय,” सर्वगोड म्हणाले.

हे किरकोळ काम पुढं साडेतीन आठवडे चाललं.

सर्वगोडांनी लॅपटॉपवर आवाजाचं चित्र काढलं. हे चित्र म्हणजे काय, ते त्यांनी मीनाताईंना भाकरी खाता खाता समजावलं. प्रत्येक आवाजाला त्याची उंची असते. ढोलाचा आवाज तळमजल्यावर राहतो, शिट्टीचा गच्चीवर. माणसाचं बोलणं मधल्या मजल्यांवर चढ-उतार करत असतं. चित्रात हे सगळे मजले दिसतात. एखादा आवाज एकाच मजल्यावर ठाण मांडून बसला असेल, तर तिथं आडवी रेघ उमटते. ती रेघ पुसली की आवाज गेला.

“मग पुसा की,” मीनाताई म्हणाल्या.

रेघा निघाल्या चार. सर्वांत खालची पन्नास हर्ट्झवर होती. ती विजेची गुणगुण, हे सर्वगोडांनी लगेच ओळखलं, कारण टेलिफोनच्या तारांतून तीच गुणगुण त्यांनी तारुण्यभर हाकलली होती. ती त्यांनी पुसली. फ्रिजची रेघ फ्रिज बंद करून घालवली, त्यात दोन लिटर दूध नासलं. पंख्याची रेघ पंखा बंद करून घालवली. मे महिना होता, पारा त्रेचाळीसला टेकला होता, आणि मीनाताई राज्यकारभाराचा धडा वाचताना एका हातानं पुस्तक धरत होत्या, दुसऱ्यानं पदरानं गळा पुसत होत्या.

चौथी रेघ मात्र हलेना. रेघ कसली, सहाशेपासून नऊशेपर्यंत पसरलेला तो एक धुरकट पट्टा होता. फ्रिजशी त्याचा संबंध नव्हता, पंख्याशीही नव्हता. सर्वगोडांनी मनाचा हिय्या करून तो पट्टाच्या पट्टा कापला आणि धडा ऐकायला लावला.

मीनाताई विहिरीच्या तळाशी उभ्या राहून वाचत असाव्यात, असं ऐकू आलं. शिवाय ‘कारभार’चा ‘करभर’ झाला होता आणि ‘दरबारात’चं ‘दरबरत’. पट्ट्याबरोबर काने निघून गेले होते. मराठीत ‘आ’ हा स्वर नेमका त्याच मजल्यावर राहतो, हे सर्वगोडांना त्या दिवशी कळलं.

“मी चौतीस वर्षं पोरांना काना द्यायला शिकवलं,” मीनाताई शांतपणे म्हणाल्या, “आणि तुम्ही एका दुपारात सगळे काढलेत.”

आपल्याकडे दुखण्याला आणि आवाजाला औषध सांगायला माणसं बोलवावी लागत नाहीत. पहिल्या मजल्यावरच्या नागम्मा वर आल्या. त्यांच्या सासरी तीन पिढ्या मागावर चादरी विणल्या गेलेल्या. “अण्णा, भिंती उघड्या हाईत म्हणून आवाज घुमतंय. चादर लावा,” असं म्हणून त्यांनी आठ सोलापुरी चादरी आणून टाकल्या. सर्वगोडांनी त्या भिंतींना लावल्या, दोन छताला बांधल्या. मीनाताई त्या तंबूत बसल्या आणि पाव धड्यानंतर लाल होऊन बाहेर आल्या. पट्टा होता तिथंच होता. तिसऱ्या मजल्यावरचे अजिनाथ हे सोसायटीचे सचिव. एका पतसंस्थेत नोकरीला असल्यामुळं प्रत्येक वाक्य ठरावासारखं बोलायची त्यांना सवय. त्यांच्या मते हा दोष कुणाच्या तरी इन्व्हर्टरचा होता.

“मग सगळ्या इमारतीची वीज दहा मिनिटं बंद करू,” सर्वगोड म्हणाले. “मेन स्विचच खाली ओढतो. आवाज गेला तर विजेचा, राहिला तर विजेचा नाही. शास्त्र आहे.”

अजिनाथांनी रीतसर सूचना काढली, सही करून फलकावर लावली: बुधवारी सकाळी सव्वानऊ ते नऊ पंचवीस वीज बंद राहील, लिफ्टचा वापर करू नये. बुधवारी पाणी येण्याचा दिवस होता. आमच्याकडं पाणी पाचव्या दिवशी येतं, आणि त्या सकाळी माणूस बाकी सगळं विसरतो. अजिनाथही विसरले. सर्वगोडांनी सव्वानऊला मेन स्विच ओढला तेव्हा सूचनेवर सही करणारा माणूस दोन बादल्या घेऊन दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लोंबकळत राहिला. तिथून ते काहीतरी म्हणत होते. सर्वगोडांच्या लॅपटॉपवर ते म्हणणं चारशेच्या आसपास स्पष्ट उमटलं.

आणि वीज नव्हती, तरी वरचा धुरकट पट्टा शांतपणे चालूच होता.

दहा मिनिटांनी अजिनाथ बाहेर आले. ते काही बोलले नाहीत. पुढं आठवडाभरही बोलले नाहीत.

कोडं सोडवलं मीनाताईंनी. शिक्षिका असल्यामुळं प्रत्येक धड्यावर त्या तारीख घालत. बारा धड्यांच्या तारखा एका कागदावर उतरवून त्यांनी तो सर्वगोडांपुढं ठेवला. “या सगळ्या पाण्याच्या दिवसाच्या तारखा आहेत. त्या सकाळी सगळी बिल्डिंग पाणी भरण्यात असते, कुणी दाराची बेल वाजवत नाही, म्हणून मी त्याच वेळी वाचायला बसते. काल पाणी नव्हतं. कालचं वाचन ऐका बरं.”

सर्वगोडांनी ऐकलं. पट्टा नव्हता. चित्र पाटीसारखं स्वच्छ होतं.

“म्हणजे झालं,” मीनाताई म्हणाल्या. “मी बाकीच्या दिवशी वाचते. आणि तो माइक भिंतीवरून काढून टेबलावर ठेवा. त्या भिंतीतून नळाचा पाइप जातो. ब्रॅकेट लोखंडाचा, पाइप लोखंडाचा.”

प्रश्न इथं सुटला होता. दुसऱ्या एखाद्या घरात तो सुटलेलाच राहिला असता, आणि मीनाताईंनी खरोखरच पुढच्या दहा दिवसांत बारा धडे वाचून वाचनालयाला पाठवलेही. त्यांना उलट टपाली शाबासकी आली. पण सर्वगोड त्या कागदाकडं बघत बसले होते.

“मीना, नळातून पाणी जाताना घळघळ होते. सूं होत नाही. सूं होतो तो बारीक भोकातून दाबानं पाणी निसटतं तेव्हा. आपल्या इमारतीखाली कुठंतरी पाइप गळतोय.”

मीनाताईंनी चष्म्यावरून बघितलं. गेली सहा वर्षं त्या इमारतीत पाण्याला दाब नव्हता. स्वयंपाकघरातला थेट नळ पहिल्या मजल्यावर करंगळीएवढी धार देई, दुसऱ्यावर दोऱ्याएवढी, आणि तिसऱ्यावर नुसतीच हवा. म्हणून तर अजिनाथ बादल्या घेऊन खाली-वर करत. उन्हाळ्यात दर आठवड्याला टँकर यायचा, आणि सत्तरी गाठलेल्या नागम्मा त्याच्या नळीशी घागर घेऊन उभ्या राहायच्या. सगळ्यांनी हे नशीब म्हणून सोडून दिलं होतं.

“मग शोधा,” मीनाताई म्हणाल्या. “पण दूध नासवू नका.”

पुढच्या पाण्याच्या दिवशी सकाळी सहाला सर्वगोड खाली पार्किंगमध्ये उतरले. हातात चार फुटी लोखंडी सळई, तिच्या वरच्या टोकाला टेलिफोनच्या जुन्या रिसीव्हरमधली चकती, चकतीची वायर लॅपटॉपला, आणि कानाला हेडफोन. लॅपटॉपवर त्यांनी आता उलटा बेत केला होता. सहाशे ते नऊशे तेवढं ठेवायचं, बाकी जग कापायचं. रिक्षा गेल्या, कुत्री गेली, नागम्मांच्या कुकरची शिट्टी गेली. राहिला तो फक्त सूं. इतके दिवस ज्याला हाकलत होते त्यालाच आता हाक मारत सर्वगोड गुडघ्यांवर बसून पार्किंगभर सरकत होते.

दृश्य सन्मानाचं नव्हतं, हे मान्य करायला हवं. आठ वाजेपर्यंत गच्च्यांमधून माणसं उभी राहिली. नऊ वाजेपर्यंत शेजारच्या सोसायटीत बातमी गेली की सर्वगोड गुप्तधन शोधतायत. दहाला कुणीतरी फाटकाशी लिंबू ठेवून गेलं. ज्या घरानं अंगारे-धुपारे दोन पिढ्यांपूर्वी दाराबाहेर काढले, त्या घरातल्या माणसाला हे फार लागलं. त्यांनी ते लिंबू उचललं, वर नेलं, आणि दुपारी ते त्याचं सरबत प्यायले.

मग ते महापालिकेच्या कार्यालयात गेले. पाणीपुरवठ्याच्या खिडकीतल्या कारकुनानं तक्रारीचा अर्ज पुढं सरकवला. त्यावर तीन चौकोन होते: कमी दाब, गढूळ पाणी, दिसणारी गळती. गळती असल्यास फोटो जोडावा.

सर्वगोडांनी आवाजाचं चित्र जोडलं.

कारकुनानं ते आडवं धरलं, उभं धरलं. “साहेब, यात पाणी कुठं दिसतंय?”

“दिसत नाही. ऐकू येतंय. हा पट्टा म्हणजे पाणी.”

“आवाजाची तक्रार आमच्याकडं येत नाही. ती पोलीस चौकीत.”

सर्वगोड सरळ माणूस. ते चौकीत गेले. हवालदारानं वही उघडली आणि विचारलं, “डीजे कुणाचा?”

“पाण्याचा,” सर्वगोड म्हणाले.

हवालदारानं वही मिटली, त्यांना पंख्याखाली बसवलं आणि गार पाण्याचा ग्लास दिला. ऊन फार आहे, घरी कुणाला बोलवू का, असंही विचारलं. सर्वगोड तो ग्लास न पिता उठले. आयुष्यात इतक्या प्रेमानं त्यांचा अपमान कुणी केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून त्याच खिडकीशी परत गेले. कारकुनाशी त्यांचं पट्ट्यावरून बोलणं चाललं असताना मागच्या टेबलावरून एक तरुण बाई उठून आल्या. त्या कनिष्ठ अभियंता, सृष्टी मॅडम. त्यांनी चित्र घेतलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

“काका, हा पट्टा पाण्याच्या दिवशीच येतो?”

“फक्त पाण्याच्या दिवशी. सोडलं की सुरू, बंद केलं की बंद.”

“वीज बंद करून बघितलं?”

“बघितलं. सचिव लिफ्टमध्ये अडकले.”

मॅडम हसल्या नाहीत. “मी सांगोल्याकडची. आमच्या वाडीवर टँकर यायचा तेव्हा आजी त्याच्या नळीच्या सांध्याखाली तांब्या धरायची. थेंब थेंब पडायचं ना, ते. तुमची गळती कंपाउंडच्या बाहेर असेल तर मी खोदते. आत असेल तर तुमच्या सोसायटीनं खोदायचं. पण आधी जागा सांगा. पुढच्या पाण्याला मी हरिबाला पाठवते, रस्त्यावरचा व्हॉल्व्ह तो तुमच्या सांगण्यावरून फिरवेल.”

सोसायटीची सभा भरली. अजिनाथांनी आठवड्याचं मौन सोडून ठराव लिहिला. ‘श्री. सर्वगोड यांना जो आवाज ऐकू येतो, त्याबाबत एक खड्डा घेण्यास मंजुरी. खड्डा कोरडा निघाल्यास पार्किंगचे ब्लॉक श्री. सर्वगोड स्वतः बसवतील.’ ‘यांना जो आवाज ऐकू येतो’ हे शब्द सर्वगोडांनी तीनदा बदलायला सांगितले. ठराव बहुमतानं तसाच राहिला.

हरिबा माढ्याकडचे. बावीस वर्षं गावभर व्हॉल्व्ह फिरवून त्यांचे खांदे दाराएवढे झालेले. पाण्याच्या दिवशी ते चावी घेऊन रस्त्यावर उभे राहिले, सर्वगोड सळई घेऊन आत बसले. आवाज सगळ्यात मोठा लागला तो जिन्याजवळ. सर्वगोडांनी खडूनं तिथं फुली मारली. दोन गडी खणायला लागले. चार फूट खणलं. कोरडी माती, मुरूम, आणि खाली एक काळा दगड. माणसं गच्चीतून खाली आली, खड्ड्यात डोकावली आणि काही न बोलता वर गेली. त्या गुमान वर जाण्याचा आवाज कुठल्याही मजल्यावर मोजता आला नसता, पण सर्वगोडांना तो ऐकू आला.

खड्ड्यातून एकच वस्तू निघाली. मुठीएवढी, दोन्हीकडं निमुळती, लाकडी. नागम्मांनी ती हातात घेतली आणि पदरानं पुसली.

“हे धोटा हाय, अण्णा. मागाचा. इथं आमच्या मामांचं, सासऱ्यांचं, शेड होतं, बिल्डिंग नव्हती तवा. मी लग्न होऊन आले तवा बारा माग होते. इथंच नळ होता, आणि तिकडं आड.”

“आड? कुठं?”

“तिकडं कुठंतरी. नंतर बुजवला.”

सर्वगोड त्या संध्याकाळी ब्लॉक बसवत होते. ठराव होता. ब्लॉक वाकडे बसत होते आणि मीनाताई तिसरा चहा घेऊन आल्या होत्या. नळ होता म्हणजे जुनी जोडणी होती. आड होता म्हणजे गळलेलं पाणी जायला जागा होती, म्हणून वर कधी ओल आली नाही. हे सगळं बसत होतं. मग आवाज जिन्याजवळ का?

“तुम्हीच सांगितलं होतं ना,” मीनाताई म्हणाल्या, “ढोल लांबून ऐकू येतो, शिट्टी जवळ गेल्यावर.”

त्यांनी असं सांगितलंच नव्हतं. त्यांनी मजल्यांचं सांगितलं होतं. पण सर्वगोडांच्या हातातला ब्लॉक हातातच राहिला. जाड आवाज दगडातून, काँक्रीटमधून लांबवर पळतो. जिन्याखाली दगड होता, तो नुसता घुमत होता. बारीक आवाज मातीत लगेच विरतो. म्हणजे मोठा आवाज शोधायचाच नव्हता. पट्ट्याचा वरचा काठ, नऊशेच्याही वरचा, जिथं शाबूत असेल, तिथं भोक जवळ.

पुढच्या पाचव्या दिवशी सकाळी सर्वगोडांनी खालचं सगळं कापलं आणि तो वरचा काठ तेवढा ठेवला. जिन्याजवळ काहीच नव्हतं. टाकीजवळ नव्हतं. ते गुडघ्यांवर सरकत गेले, सरकत गेले, आणि एके ठिकाणी कानात इतका धारदार आवाज आला की त्यांनी हेडफोन जरा लांब धरला.

“हरिबा, बंद करा.”

हरिबांनी चावी फिरवली. आवाज गेला.

“सोडा.”

आवाज आला.

“पुन्हा बंद करा.”

“आवो, किती बारी?” हरिबा म्हणाले, पण त्यांनी फिरवली.

सर्वगोडांनी हेडफोन काढला. ते अजिनाथांच्या मोटारीखालून अर्धे बाहेर आले होते. जागा मोटारीच्या मागच्या डाव्या चाकाखाली होती.

अजिनाथ खाली आले. त्यांनी मोटारीकडं बघितलं, सर्वगोडांच्या पांढऱ्या झालेल्या गुडघ्यांकडं बघितलं. “ठरावात एकच खड्डा आहे,” ते म्हणाले.

“माहीत आहे.”

अजिनाथांनी खिशातून किल्ली काढली आणि मोटार रस्त्यावर नेऊन लावली. त्याबद्दल कुठल्याही इतिवृत्तात नोंद नाही.

तीन फुटांवर माती काळी झाली. साडेतीनवर गड्याची पहार दगडात गेली आणि पोकळीत घुसली. हरिबा स्वतः खड्ड्यात उतरले, हातानं माती सारली. एक गंजका पाइप बाजूनं आला होता, त्याचं टोक लाकडी गुट्टीनं कुणीतरी कधीकाळी बंद केलेलं होतं. गुट्टी कुजली होती. तिच्या कडेनं पाणी पंख्यासारखं पसरून बुजवलेल्या आडात पडत होतं, जिथं दगडांच्या फटींतून ते किती वर्षं जात होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे काठाशी वाकले. कुणी बोललं नाही, त्यामुळं हेडफोनशिवायही तो ऐकू आला. सूं.

“हाय की वो,” हरिबा म्हणाले. “पानी हाय.”

नागम्मा खाली बसल्या आणि त्यांनी हात लांब करून त्या धारेला बोट लावलं.

सृष्टी मॅडम दुपारी आल्या, जुनी जोडणी मुळापासून बंद करून घेतली, आणि खड्डा बुजण्याआधी त्यांनी सर्वगोडांकडून हेडफोन मागून घेतला. मग हरिबांना दिला. हरिबांनी तो डोक्यावर चढवला आणि सळई रस्त्यावरच्या व्हॉल्व्हला टेकवली.

“बावीस वर्सं पानी सोडतुय,” ते म्हणाले, “पर हे असं जातंय हे म्हाईत नव्हतं. लई लांबपर्यंत ऐकू येतंय.”

पाच दिवसांनी सकाळी पावणेसातला तिसऱ्या मजल्यावरचा नळ, जो अजिनाथांनी सवयीनं उघडाच ठेवला होता, खोकला. मग थुंकला. मग त्यातून मनगटाएवढी धार आली आणि खाली ठेवलेली रिकामी बादली तिनं जागेवरून सरकवली. वरून अजिनाथांच्या घरातली सगळी माणसं एकदम बोलायला लागली. दुसऱ्या मजल्यावर सर्वगोड बनियनवर आपल्या नळाशी उभे होते. बादली भरली, तरी त्यांनी नळ बंद केला नाही. मीनाताईंनी मागून येऊन तो बंद केला, आणि ओल्या हातानं त्यांच्या पाठीवर दोनदा थोपटलं. चौतीस वर्षांत वर्गातल्या पहिल्या आलेल्या पोरांनाही त्यांनी एकदाच थोपटलं होतं.

त्याच आठवड्यात शेजारच्या सोसायटीची तीन माणसं भेटायला आली. लिंबू कुणी ठेवलं होतं, याचा विषय निघाला नाही. त्यांच्याकडंही पाण्याला दाब नव्हता. अजिनाथांनी त्यांना स्वतः जिना चढून वर आणलं, सर्वगोडांना पुढं केलं आणि ठरावाच्या आवाजात ओळख करून दिली.

“हे आमचे सर्वगोड साहेब. यांना पाणी ऐकू येतं.”

“पाणी नव्हे, गळती,” सर्वगोडांनी नम्रपणे दुरुस्ती केली, आणि ते इस्त्रीचा शर्ट घालायला आत गेले.